सतरा किलोवर अडलेलं खोकं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर मी बारा वर्षं आहे. मी फिजिक्सचा पदवीधर, ही गोष्ट मालकांना फक्त पाहुणे आले की आठवते.

परवा एका गिऱ्हाइकाने पोत्यांऐवजी वीस किलोची खोकी मागितली. माप त्यांच्याच ऑफिसने काढलेलं, तेही गड्ड्यावरून. गड्डा गोल, हळकुंड लांब. एसीत बसून हा फरक दिसत नाही. पॉलिशची हळकुंडं ओतली तर सतरा किलोलाच झाकण बसेना.

गोल गोट्या ओतून हलवल्या तर साधारण ६४ टक्के जागा भरते, नीट रचल्या तर ७४. त्यावर जाता येत नाही, हा खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा १६११ चा अंदाज. सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं. कांड्यांची तऱ्हा वेगळी. ओतल्या की आडव्यातिडव्या अडकून पोकळ्या धरतात, आणि सरळ नळ्या समांतर रचल्या तर ९० टक्क्यांवर जातात. मी कागदावर हे मांडत होतो, तेवढ्यात आमचे वयस्कर हमाल मामा म्हणाले, "सायेब, जरा सरा बगू."

त्यांनी खोकं बारदानावर एका कडेला कलवलं. चार ओंजळी हळकुंडं, मग गुडघ्याने बारीक टकटक. पुन्हा चार ओंजळी. प्रत्येक धक्क्याला दोनचार कांड्या वळून भिंतीला लागत, पुढच्या त्यांच्या अंगाला. वीस किलो बसले, वर बोटभर जागा उरली!

मग मी भरलं. जोर लावून आपटलं, तर फाटे फुटलेली हळकुंडं एकमेकांत अडकून बसली.

"मारू नका, डुलवा," मामा म्हणाले.

ओन्सागर या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवलं होतं, की कांड्यांमध्ये ओढ नसली तरी गर्दी वाढली की त्या एका दिशेला लागतात. वळायची मोकळीक सोडली की सरकायला जागा मिळते. पण ते आपणहून थरथरणाऱ्या सूक्ष्म कणांचं. हळकुंडाला गुडघा लागतो.

संध्याकाळी मामांचं एक खोकं बाजूने कापलं. भिंतीलगत चार बोटं ओळीने लागलेली, मधे मात्र सगळा गोंधळ. मग वीस किलो मावले कुठे? मामांना विचारलं, तर ते दाभणात सुतळी ओवत होते. "कापलंसा कशाला? आता परत भरा."

भरलं. एकोणीस किलोवर अडलं.