घोडेस्वारांच्या मागे अदामापर्यंत

इथिओपियाला जाऊन आलो म्हटलं की लोक लालिबेलाच्या, दगडात कोरलेल्या चर्चचे फोटो मागतात. माझ्याकडे नाहीत. अदिस अबाबात लुसी या लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाच्या सांगाड्याची प्रतिकृती पाहिली, मर्कातोच्या बाजारात घुसमटलो, एन्तोतोच्या टेकडीवर धापा टाकल्या (शहरच २,३०० मीटरच्या वर आहे, हॉटेलचा दुसरा मजलासुद्धा अंगावर येतो). बाकीचा वेळ एका फुटबॉल क्लबमागे गेला. हे लिहायला बसलो तेही त्या क्लबपायी, आणि थोडंसं चिडून.

क्लबचं नाव सेंट जॉर्ज, तिथल्या लोकांच्या तोंडी किदुस गिओर्गिस. संत जॉर्ज घोड्यावर बसलेला, म्हणून समर्थकांच्या लेखी खेळाडू सगळे 'घोडेस्वार'. अदिसच्या पियासा भागात याच संताचं अष्टकोनी कॅथेड्रल आहे. १८९६ साली अडवाच्या लढाईत इटलीला धूळ चारली, त्या विजयाची आठवण म्हणून ते बांधलं. त्याच्याच आसपासच्या अरादा वस्तीतल्या पोरांनी १९३५ मध्ये हा क्लब काढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुसोलिनीचं सैन्य देशात शिरलं होतं आणि पुढच्या मे महिन्यात राजधानी पडली. क्लब काढायला यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

हे सगळं मला पियासातल्या एका कॉफीच्या दुकानात एका आजोबांनी सांगितलं. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी आधी माझा हात धरून ठेवला, कारण त्यांना शाळेत गणित शिकवणारे मास्तर भारतीय होते. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांचे होते म्हणे. "ते फार मारायचे," आजोबा म्हणाले, आणि माझ्या कॉफीचे पैसे त्यांनीच दिले. त्या मास्तरांची पुण्याई मला अशी फळली.

आजोबांनी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी कप खाली ठेवला. इटालियन गेल्यावर, १९४४ मध्ये, देशातली पहिली फुटबॉल स्पर्धा झाली तेव्हा संघ होते पाच. इथिओपियन लोकांचा सेंट जॉर्ज, इटालियनांचा फोर्तितुदो, आर्मेनियनांचा अरारात, ग्रीकांचा ऑलिंपियाकोस आणि ब्रिटिश लष्करी पथकाचा एक. जिंकले ब्रिटिश. मला आपले पंचरंगी सामने आठवले. अगदी त्याच वर्षांत मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि 'बाकीचे' असे पाच संघ क्रिकेट खेळत होते. फरक एवढाच की आपल्याकडे देशाच्या माणसांचे तुकडे करून संघ पाडले होते आणि तिकडे सगळा देश मिळून एक संघ होता. आपले पंचरंगी १९४६ मध्ये संपले, ते बरंच झालं. सेंट जॉर्ज मात्र अजून खेळतो आहे आणि तीसच्या आसपास राष्ट्रीय विजेतेपदं खिशात घालून बसला आहे.

या क्लबच्या एका खेळाडूनं पुढे आफ्रिकेचं फुटबॉल चालवलं, येदनेकाचेव तेसेमा. खेळाडू म्हणून सगळी कारकीर्द सेंट जॉर्जकडे, १९५७ मध्ये आफ्रिकन फुटबॉल महासंघाच्या संस्थापकांपैकी एक, १९७२ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत महासंघाचा अध्यक्ष. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला दारात उभं करायचं नाही यावर हा माणूस शेवटपर्यंत अडून बसला. १९६२ साली अदिसमध्येच इथिओपियानं इजिप्तला जादा वेळेत ४-२ हरवून आफ्रिकेचा चषक उचलला, तेव्हाही संघाचा प्रशिक्षक हाच. त्या संघातला मेंगिस्तू वोर्कू सेंट जॉर्जचा. आजोबांनी त्याचं नाव घेताना टोपी काढली. देश त्यानंतर आजतागायत पुन्हा तो चषक जिंकलेला नाही, पण ते ऐकायची आजोबांची तयारी नव्हती.

सम्राट गेले, दर्गची लष्करी राजवट आली, आणि संताचं नाव क्रांतीला खुपू लागलं. क्लब मोडून बिअर कारखान्याच्या नावानं खेळवला गेला. १९९१ मध्ये दर्ग कोसळली तसं जुनं नाव परत आलं. आपल्याकडे मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल क्लब २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा कूपरेजवर दर आठवड्याला जाणारे माझे दोन मित्र वगळता कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

आता चिडण्याचा भाग. मेस्केल चौकाजवळ जुनं अदिस अबाबा स्टेडियम आहे. १९६२चा अंतिम सामना इथलाच. मेट्रोसारख्या हलक्या रेल्वेचं स्टेशनही त्याच्याच नावाचं. म्हटलं, उतरायचं आणि तिकीट काढून आत बसायचं. पण तिथे सामना नव्हताच. गेली काही वर्षं इथिओपियाची प्रीमियर लीग एक-दोन महिने एका शहरात, मग दुसऱ्या शहरात अशी तंबू हलवत फिरते. अदामा, दिरे दावा, हवासा, कधी बहिर दार. सगळे संघ एकाच गावात मुक्कामाला आणि सामने एकाच मैदानावर. टीव्हीवाल्यांना सोयीचं. राष्ट्रीय संघाची तर आणखी तऱ्हा. देशातलं एकही मैदान महासंघाच्या निकषांत बसत नव्हतं म्हणून 'घरचे' सामने परदेशात व्हायचे. ज्या देशानं तो महासंघ उभा करायला हात लावला त्याची ही अवस्था! मी परका माणूस, पण स्टेडियमच्या बंद फाटकाशी उभं राहून मला खरंच राग आला. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "मी टीव्हीवर बघतो. आवाज बंद करून."

मग अदामा. सेंट जॉर्जच्या समर्थक पोरांच्या भाड्याच्या बसमध्ये मला जागा मिळाली ती निव्वळ भारतीय असल्याच्या कुतूहलापोटी. द्रुतगती मार्ग झकास, आपल्या मुंबई-पुण्याच्या तोंडात मारेल असा. बस मात्र सीटचे स्प्रिंग मोजता येतील अशी. अदामा अदिसपेक्षा बरंच खाली, त्यामुळे उतरताच उकाडा. मैदानात अर्ध्याहून जास्त जागा रिकामी, आणि एका कोपऱ्यात आम्ही पिवळे आणि मरून. मी 'आम्ही' म्हणतोय, कारण तोवर माझ्याही गळ्यात स्कार्फ पडला होता. तो विकणाऱ्यानं मला लुटलं हे शेजारच्यानं सांगितलं, पण विकत घेऊन झाल्यावर.

सामना रटाळ होता. एकही गोल नाही, दोन धड फटके नाहीत. पण आमचा कोपरा पहिल्या मिनिटापासून गात होता, आणि मैदानावर काय चाललंय याच्याशी त्या गाण्याचा संबंध नव्हता. मला शब्द कळत नव्हते, तरी तिसऱ्यांदा तेच कडवं आलं तसा मीही हात वर करू लागलो. मध्यंतरात शेजारच्या पोराला विचारलं, एवढ्या लांब येऊन हे बघायचं? तो टॅक्सी चालवतो, दिवसाची कमाई बुडवून आला होता. म्हणाला, त्याचं घर पियासाजवळ होतं, २०२४ मध्ये रस्तारुंदीच्या कामात गल्लीच्या गल्ली पाडली, आता कुठे तरी शहराच्या टोकाला खोली मिळाली आहे. "अरादाची सगळी माणसं आता इथेच भेटतात," त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मग मला विचारलं, तुझा क्लब कोणता? मी एका इंग्लिश क्लबचं नाव सांगितलं. "तो नाही. तुझा," तो म्हणाला. मी शेंगदाणे पुढे केले.

परतताना बसमध्ये भांडण जुंपलं ते इथिओपिया बुन्ना या दुसऱ्या क्लबवरून. बुन्ना म्हणजे कॉफी, कॉफीवाल्यांचा संघ, अदिसमधला यांचा सख्खा वैरी. कोणाचे समर्थक जास्त, कोणाच्या तोंडाला लागू नये, हा वाद कालिटीच्या वाहतूककोंडीत तासभर पुरला. मला मत विचारलं गेलं. मी कॉफी मला आवडते असं सांगून पाहिलं, कोणी हसलं नाही.

उतरलो तेव्हा शुक्रवार, तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा दिवस. म्हणजे आपली चंगळ. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, त्यावर डाळी, शिरो (कडधान्याच्या पिठाचं पिठलं), पालेभाजी, कुठे मांसाचा कण नाही. (शाकाहाऱ्यांनी बुधवार-शुक्रवार लक्षात ठेवावेत, बाकी दिवशी वेटर तुमच्याकडे आजारी माणसासारखं बघतात.) जेवण झाल्यावर कॉफी. बाईंनी दाणे समोर भाजले, धूप लावला, लाह्यांची बशी ठेवली. पहिला कप दिला, दुसरा दिला. तिसरा भरताना त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली आणि हात थांबला. भिंतीवर बुन्नाच्या संघाचा फोटो होता, तो मला तेव्हा दिसला.

स्कार्फ काढून पिशवीत टाकला, तेव्हा कुठे तिसरा कप मिळाला.