मध्यस्थ हटवला, तरी त्याचे काम उरतेच

मध्यस्थ म्हणजे फुकटची दलाली खाणारा, हा समज मला अपुरा वाटतो. १० उत्पादकांनी १०० ग्राहकांशी थेट व्यवहार करायचे ठरवले, तर १,००० संबंध जुळवावे लागतात. मधे एकच घाऊक व्यापारी असेल, तर ११० पुरतात. शिवाय माल ठोक विकत घेऊन त्याची प्रतवारी करणे, तो साठवणे, किरकोळ विक्रेत्याला उधारीवर देणे आणि भाव पडला किंवा माल नासला तर तोटा सोसणे, ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. (दलाल मात्र वेगळा, तो मालाची मालकी घेत नाही, त्यामुळे ही जोखीम त्याच्यावर नसते.) माझा खरा आक्षेप आहे तो मक्तेदारीवर. खरेदीदार एकच उरला, की तो सांगेल त्या भावाने उत्पादकाला माल द्यावा लागतो आणि त्या स्वस्ताईचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचेलच असे नसते.