खापराची झळ

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन तिसरा दिवस होता. जळगावचं दुपारी दोनचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या वेळी माझ्याकडे कुणी येत नाही, म्हणून शटर अर्धं ओढून मी सामान आवरत होते. शटरखालून आधी एक म्हातारी वाकून आत आली, मागून तिची लेक. लेकीच्या डोक्याला पदर घट्ट लपेटलेला, कपाळाच्या डाव्या बाजूला बोटाएवढा लाल चट्टा. म्हातारीनं हातातला पोळ्यांचा स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाली, "माय वं, पोरना केस जयी ग्यात. काही व्हई का?"

डब्यात मी फेब्रुवारीत दिलेला विग होता.

माझं पार्लर १९ वर्षांचं आहे, विगांचं काम गेली ११ वर्षं करते. लोकांना वाटतं विग हे लग्नाच्या मेकअपचं किंवा नाटकवाल्यांचं काम. माझ्याकडे विगासाठी येणाऱ्या दहांतल्या आठ बायका कॅन्सरच्या, किमो घेणाऱ्या असतात. आणि बहुतेक जणी उशिरा येतात. औषधानं केस जाणार असतील, तर पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. हे आधी सांगितलं तर बाई केस असतानाच येईल, मला तिचा रंग, भांग, कपाळाची रेघ बघता येईल. पण उशीवर केसांचा पुंजका दिसला की मगच तिला कळतं. उपचार करणाऱ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते. मला अजूनही वाटत नाही.

म्हातारीची लेक, या ताई, अमळनेरकडच्या. फेब्रुवारीत पॅसेंजरनं एकट्याच आल्या होत्या, वय ४४. मी त्यांना आखूड विग घ्यायला लावला, कानाच्या पाळीपर्यंतचा, कपाळावर बटा असलेला. आखूडच का, तर लांब विगाचे केस खांद्यावर, ब्लाऊजवर, पदरावर दिवसभर घासतात आणि दोन महिन्यांत खालची टोकं लोकरीसारखी होतात. आखूड विगाला घासायला फक्त मानेची जागा असते. तो हलका असतो, आणि आमच्या उन्हाळ्यात डोक्यावर हलकं असणं ही चैन नाही, गरज आहे. त्यांना तो आणखी एका कारणानं पटला. माहेरी त्यांनी आजाराचं सांगितलंच नव्हतं. बालाजीला नवस होता, केस दिले, आता एवढे वाढलेत, असं सांगायचं ठरलं होतं. तिरुपतीला वाहिलेले केस लिलावात विकले जातात आणि त्यांतूनही विग बनतात. तसले खऱ्या केसांचे विग माझ्याकडे होते, पण तिप्पट-चौपट किमतीचे. उपचार सरकारी योजनेत बसला होता, विग पदरच्या पैशाचा होता. म्हणून कृत्रिम धाग्याचा.

तेव्हा मी काय काय सांगितलं होतं, ते आजही घडाघडा म्हणून दाखवीन. तेल लावायचं नाही, खोबरेल तर अजिबात नाही, धागा तेल पीत नाही, नुसता चिकटून बसतो. घरातला बारीक दातांचा कंगवा नको, मोठ्या दातांचा वापरायचा, आणि टोकाकडून सुरू करून वर जायचं. ओल्या विगाला कंगवा लावायचा नाही. आतून सुती टोपी घालायची, म्हणजे घाम टोपीत जातो. एरवी आठ-दहा वेळा घातल्यावर धुतला तरी चालतो, पण एप्रिल-मेमध्ये चार-पाच वेळा घातला की धुवायचा. उन्हात वाळवायचा नाही, रंग उडतो. आणि उष्णतेपासून जपायचा.

हे शेवटचं वाक्य मी कसं सांगितलं होतं? "ड्रायर, स्ट्रेटनर लावायचा नाही." कंपनीच्या कागदावर इंग्रजीत तेच होतं, मी ते मराठीत केलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या घरात ड्रायर नव्हता, स्ट्रेटनर त्यांनी पाहिलेलाही नव्हता. पण चूल होती. तिचं नावसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. मी स्वतः खान्देशातली, आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाऊन वाढलेली, आणि तरी मला ते सुचलं नाही.

घडलं ते असं. आखाजीला ताई माहेरी गेल्या. त्या घरात खापराचे मांडे त्यांच्यासारखे कुणाला जमत नाहीत. पीठ सैल भिजवलेलं, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. सोडताना वाकावंच लागतं. खापराच्या कडेनं जाळाची जीभ बाहेर येत असते. सातव्या की आठव्या मांड्याला कपाळावरच्या बटा आकसल्या. चांगल्या विगाचा कृत्रिम धागा, मोडॲक्रिलिक म्हणतात तो, सहसा भडकत नाही, तो आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. तसाच एक गरम मणी कपाळाला चिकटला. खरा केस जळला की पिसं जळल्यासारखा वास येतो, हा वास प्लॅस्टिकचा होता. भावजया म्हणाल्या, चुलीत पिशवी गेली वाटतं. ताई उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर डोक्याला हात गेला असता. तेव्हा म्हातारी आली, लेकीचा पदर कपाळावर ओढला, तिच्या शेजारी बसली आणि चुलीतली लाकडं मागे ओढून जाळ कमी केला. एक शब्द बोलली नाही. ताईंनी बाकीचे मांडे पुरे केले, तीस-बत्तीस तरी असतील.

रात्री म्हातारीनं डबा पुढे केला आणि म्हणाली, काढ, यात ठेव, परवा दोघी जाऊ. तिला कधीपासून माहीत होतं, हे मला ताईंनीही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नसावं.

पाच दिवसांवर भाचीचं लग्न होतं. नवा विग घ्यायला पैसे नव्हते, आणि मी फुकट द्यायला निघाले तेव्हा म्हातारीनं हातानंच नको म्हटलं.

आता विगाचं सांगते. नुसत्या घासण्यानं फिसकटलेला धागा असता तर दुरून वाफ देऊन, मोठ्या कंगव्यानं ओढून पुष्कळसा सरळ झाला असता. वितळलेला धागा परत येत नाही. तो कापावाच लागतो, आणि आखूड विगात कापायला असतं किती? बटा तीन इंचांच्या. मणी झालेली टोकं कातरून काढली तर डाव्या बाजूला दीड इंच उरलं. चेहरा उघडा पडला, भुवईवरचा चट्टा दिसायला लागला. मी विग उलटा केला. हा पट्ट्यापट्ट्यांचा विग होता, केस मशीननं पट्टीवर शिवून त्या पट्ट्या जाळीला ओळीनं जोडलेल्या. मागच्या बाजूला, डोक्याच्या फुगवट्याखाली, एक पट्टी अशी असते की तिच्यावर वरचे दोन थर येतात. ती काढली तर बाहेरून कळत नाही. टाके उसवायच्या हत्यारानं एकेक टाका मोकळा करत चार बोटं पट्टी सोडवली आणि पुढच्या कडेच्या आत वाकड्या सुईनं, नायलॉनच्या दोऱ्यानं हातानं शिवली. दोऱ्याची गाठ कपाळाला टोचू नये म्हणून गाठ वरच्या बाजूला घेतली.

खरी कटकट पुढेच होती. मागचे केस खाली पडायच्या वळणाचे, पुढे ते कपाळावर एका बाजूला वळायला हवेत. कृत्रिम धागा वळण लक्षात ठेवतो, म्हणून तर धुतल्यावर तो आपोआप मूळ घडीत येतो. ते वळण मोडायला तीच उष्णता लागते जिनं तो बिघडतो. रोलरला गुंडाळून, जाड टॉवेल मध्ये धरून, थोडी थोडी वाफ, मग पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. तीनदा केलं. तिसऱ्यांदा बट हवी तशी पडली. मग कात्री उभी धरून टोकं विरळ केली, आडवी कापली असती तर शाळकरी पोरीसारखी रेघ दिसली असती. संध्याकाळचे सात वाजले. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. एका मोठ्या शहरातल्या विगवाल्याला मधेच फोन केला, तर तो म्हणाला, टाकून द्या, नवा विका. त्याला पुन्हा फोन करणार नाही.

विग धुवायचा कसा, हे मी दुसऱ्यांदा सांगू लागले तेव्हा म्हातारी म्हणाली, हिला नको, मला दाखव. म्हणून घमेल्यात गार पाणी घेतलं, त्यात टोपणभर सौम्य शाम्पू. विग पालथा बुडवून पाच मिनिटं ठेवायचा, चोळायचा नाही, पिळायचा तर नाहीच. कपाळाच्या आतल्या पट्टीवर घामाचा थर बसतो, तेवढाच बोटाच्या पेरानं पुसायचा. पुन्हा गार पाण्यातून काढायचा, कारण गरम पाण्यानं वळण जातं. टॉवेलमध्ये दाबायचा, झटकायचा, उंच डब्यावर ठेवायचा. बायका पहिल्यांदा हमखास लुगडं धुतल्यासारखा चोळतात. या मावशींनी दोन्ही तळहात खाली घालून तो पाण्यातून असा उचलला की एकही धागा दुमडला नाही. मांडे त्यांनीच लेकीला शिकवले असणार.

जाताना मी माझ्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून दिलं: चूल, खापर, फोडणीची वाफ, कुकरची शिट्टी, आरतीचं ताट, शेकोटी. भरताची वांगी भाजताना जवळ जायचं नाही. ताईंनी वाचून आईला ऐकवलं. मावशी म्हणाल्या, म्हणजे स्वयंपाकच नको ना? मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, चुलीशी बसायचं असेल तर विग काढून फडकं बांधा. ते फडकं बांधता येत असतं तर विग कशाला लागला असता, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

लग्न पार पडलं. फोटो आला, ताई बाजूला उभ्या, बट बरोबर पडलेली. मी मात्र तो फोटो मोठा करून डावी बाजूच बघत राहिले, पट्टीची कड दिसते का म्हणून.

आषाढात एका संध्याकाळी मावशींचा फोन आला, नातवाच्या मोबाईलवरून. ताई पुढच्या डोसानंतर माहेरीच राहिल्या होत्या. "दोन दिन व्हयनात, पाऊस उघडत नही. धुयेल शे, वायत नही. चूल लांब शे, तठे ठेवू का?" मी म्हटलं, नाही मावशी, चुलीकडे नाही. टॉवेल बदला, डब्यावरच राहू द्या आणि पंखा लावा. त्या म्हणाल्या, लाईट नही. आणि लगेच म्हणाल्या, मंग मी वारा घालस.