तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांना कळत नाही का?

मी वक्तृत्व शिकवते. दर बॅचला कुणीतरी विचारतंच: "स्वतः गडगंज असलेला पुढारी 'ते बडे लोक तुम्हाला तुच्छ समजतात' म्हणतो आणि कष्टकरी माणसं टाळ्या वाजवतात. त्यांना कळत नाही का?"

कळतं. 'त्यांना कळत नाही' या सुरावरच तर असली भाषणं पोसली जातात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना 'डिप्लोरेबल्स', म्हणजे निंदेच्याच लायकीचे, म्हटलं. समर्थकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून छातीवर मिरवला. प्रतिस्पर्ध्याच्या भाषणाला याहून मोठी मदत कुठली असणार?

सल खरा असतो. दिवसभर राबून महिना पुरत नाही, आणि वर कुणीतरी कपड्यांवरून, बोलण्यावरून जोखतं. वक्त्याला हा सल निर्माण करावा लागत नाही. त्याने फक्त रागाचा पत्ता बदलायचा असतो.

हे कसं करतात ते दाखवायला मी वर्गात निक्सनचं भाषण घेते. १९५२ साली रिचर्ड निक्सन अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. समर्थकांनी त्यांच्यासाठी १८ हजार डॉलरचा निधी उभा केल्याची बातमी फुटली आणि उमेदवारीच जायची वेळ आली. २३ सप्टेंबरला ते टीव्हीवर आले. पैसा खासगी कामाला वापरला नाही, हे त्यांनी सांगितलंच. पण मग घरचा सगळा हिशेब मांडला: १९५० ची गाडी, घरावरचं कर्ज, आईवडिलांचं देणं. बायकोकडे मिंक नावाच्या प्राण्याच्या महागड्या फरचा कोट नाही, साधा कापडी कोट आहे. मुलींना कुणीतरी कुत्रा भेट दिलाय, तो मात्र परत करणार नाही. समोरच्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार स्टीव्हन्सन वडिलोपार्जित संपत्तीचे धनी. त्यांनी निवडणूक लढवावी हे चांगलंच, पण बेताच्या परिस्थितीतल्या माणसालाही लढवता आली पाहिजे, असं निक्सन म्हणाले.

आता त्या कोटाकडे बघा. निधी देणारे होते कॅलिफोर्नियातले पैसेवाले. या लोकांनी पैसे का दिले, हा खरा प्रश्न होता. पण ऐकणाऱ्याच्या घरीही तसाच कापडी कोट खुंटीला होता. कोटावर बोट ठेवलं तर ते आपल्याच बायकोवर ठेवल्यासारखं वाटणार! तारा-पत्रांचा पाऊस पडला, उमेदवारी वाचली आणि निक्सन उपराष्ट्राध्यक्ष झाले.

राग खालच्या दिशेलाही वळवता येतो. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन गरिबांसाठीची सरकारी मदत लाटणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत: ऐंशी नावं, तीस पत्ते, वर्षाला दीड लाख डॉलरची करमुक्त कमाई. बाई खरी होती, लबाडही होती. पण १९७७ मध्ये तिच्यावर गुन्हा सिद्ध झाला तो सुमारे आठ हजार डॉलरचा. सरकारी मदतीवर कशीबशी गुजराण करणाऱ्या असंख्य बायकांकडे मात्र लोक त्या एकीच्या चेहऱ्याने बघू लागले. मला ही गोष्ट निक्सनच्या कोटापेक्षा जास्त क्रूर वाटते.

आणि हो, मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी माझा एक उच्चार चारचौघांत दुरुस्त केला होता आणि सगळे हसले होते. पुढे कित्येक वर्षांनी एका सभेत वक्ता म्हणाला, "तुमच्या बोलण्याला हसणाऱ्यांना आता तुमचा आवाज ऐकावाच लागेल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिकवायच्या सवयीने मी भाषणाची टिपणं घेत होते. रात्री घरी वही उघडली. हसणाऱ्यांबद्दल साडेतीन पानं होती. पगार, कामाचे तास, घरभाडं, यातलं काय आणि कसं बदलणार, याबद्दल एक ओळही नव्हती. त्या एका वाक्याखाली मात्र मीच दोनदा रेघ ओढली होती.