बाबांची स्कॉलरशिप आणि माझी नोकरी

मला टीएशिप, म्हणजे विद्यापीठात टीचिंग असिस्टंटचं काम, मिळाल्याचं डिसेंबरात घरी कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी बार्शीत पेढे वाटले. "पोरीला अमेरिकेत स्कॉलरशिप मिळाली." मी फोनवर तीनदा सांगितलं, बाबा, स्कॉलरशिप नाही, नोकरी आहे. ते म्हणाले, "फी माफ झाली ना? मग स्कॉलरशिपच." ३१ वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाशी व्याख्येवरून वाद घालायचा नसतो. पण यंदा गावाकडून चार-पाच मुलांचे मेसेज आलेत, "ताई, स्कॉलरशिप कशी मिळवली?" म्हणून हे सगळं लिहून ठेवते.

इथे देसी मुलांच्या तोंडी शब्द असतो 'फंडिंग', नाहीतर 'एड', म्हणजे आर्थिक मदत. "तुला एड आहे का?" हा प्रश्न नाव-गाव विचारण्याआधी येतो. पीएचडीवाल्यांना प्रवेशाबरोबरच फंडिंग मिळतं, बहुतेकांना तरी. एमएसवाल्यांचं तसं नाही. माझ्या प्रवेशाच्या पत्रात शेवटी एक सभ्य वाक्य होतं, की सध्या आम्ही आपल्याला आर्थिक साहाय्य देऊ शकत नाही. ते 'सध्या' मी फार आशेनं वाचलं होतं.

त्यामुळे आले ती कर्जावर. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर बँक सहसा तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे एकच, राहतं घर. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, मिळायला पहिल्या वर्षाचा सगळा खर्च खात्यात किंवा कर्जमंजुरीत दाखवावा लागतो. तो दाखवला. व्हिसा झाला, विमानात बसले, आणि उतरल्यापासून डोक्यात एकच हिशेब सुरू झाला.

पहिल्या दोन महिन्यांत मी साठेक प्राध्यापकांना ईमेल केल्या. सगळ्यांची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. मग मी किती कष्टाळू आहे, मला लहानपणापासून संशोधनाची आवड कशी आहे, आणि सोबत तीन पानी रेझ्युमे. उत्तर आलं एक. त्यात लिहिलं होतं, मी सर नाही, मॅडमही नाही, मी निवृत्त झालोय.

मग नांदेडचा एक दादा भेटला, पीएचडीच्या चौथ्या वर्षातला. त्यानं माझी ईमेल वाचली आणि म्हणाला, "ह्याच्यात त्या माणसाचं काय काम होणार, ते कुठंय?" मग त्यानं जे समजावून सांगितलं, ते इथे येण्याआधी मला कुणीच सांगितलं नव्हतं. आरएला म्हणजे रिसर्च असिस्टंटला पैसे प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, म्हणजे त्याला संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातून जातात. नुसता पगार नाही, बऱ्याच ठिकाणी त्या विद्यार्थ्याची ट्युशनसुद्धा त्याच ग्रँटमधून भरली जाते. म्हणजे मी त्याला वर्षाला एका चांगल्या यंत्राइतकी महाग पडणार. एमएसची मुलगी पहिलं वर्ष कोर्स करण्यात घालवणार, दुसऱ्या वर्षी काम शिकणार आणि शिकली की निघून जाणार. त्यापेक्षा तो पाच वर्षं टिकणारा पीएचडीचा विद्यार्थी का घेणार नाही? माझा राग तिथेच गेला. मी असते तर मीही तेच केलं असतं.

दादाचा सल्ला होता की प्राध्यापकांच्या मागे धावू नकोस, गर्दीच्या वर्गांच्या मागे धाव. मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना काही विषय घ्यावेच लागतात. कॉलेज अल्जेब्रा, प्राथमिक संख्याशास्त्र, केमिस्ट्रीची लॅब, भाषणकला. हजारो मुलं, शेकडो तुकड्या. त्या तुकड्या प्राध्यापक घेत नाहीत, टीए घेतात. स्वतःच्या विभागात टीएची जागा नसली तरी गणित विभागात असू शकते. डिसेंबरात काहीजण पदवी घेऊन जातात, कुणी अचानक सोडून जातं, आणि जानेवारीच्या वेळापत्रकात भोकं पडतात. ती भोकं बुजवणारी व्यक्ती विभागप्रमुख नसते. ऑफिसात वेळापत्रक लावणारी एक बाई असते. तिला जाऊन भेटायचं.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची. तोवर कॅम्पसच्या मेसमध्ये तासाला ११ डॉलरवर भांडी धूत होते. तिथली शिफ्ट संपवून, हाताला साबणाचा वास असतानाच गणित विभागात गेले. त्या बाईंनी नाव, विभाग आणि बीईचे गणिताचे मार्क लिहून घेतले, "डिसेंबरात ये" म्हणाल्या. मी नोव्हेंबरात दोनदा आणि डिसेंबरात तीनदा गेले. आपल्याकडे तहसील कचेरीत हेलपाटे घालायची सवय असते, ती इथे कामी आली. फरक इतकाच की इथे दर वेळी त्या बाई हसून बोलत होत्या.

मग परीक्षा. वर्गात शिकवायचं असेल तर परदेशी विद्यार्थ्याचं बोलणं समजतं की नाही हे तपासतात. काही राज्यांत तर तसा कायदाच आहे. आमच्याकडे दहा मिनिटं फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं, समोर तीन परीक्षक. मी वर्गसमीकरण घेतलं. इंग्रजी माझं बरं आहे, उच्चाराची भीती वाटत होती, पण फजिती झाली ती भलत्याच ठिकाणी. मी म्हणाले, "थ्री इन्टू एक्स." तिघांच्या कपाळावर आठ्या. आपल्याकडे 'इन्टू' म्हणजे गुणिले. इथे 'थ्री इन्टू एक्स' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं एक्सला तीननं भागायचंय. म्हणजे मी गुणाकार लिहीत होते आणि त्यांच्या कानावर भागाकार पडत होता. 'अपॉन' हा शब्द तर त्यांनी गोष्टींच्या पुस्तकाबाहेर ऐकलेलाच नव्हता, इथे 'ओव्हर' म्हणतात. ब्रॅकेटला पॅरेंथेसिस, झेडला झी. एका परीक्षकानं शेवटी हळूच विचारलं, "तू हे कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "घरी. माझे वडील शिकवायचे." पास झाले. शेऱ्यात लिहिलं होतं, सावकाश बोल आणि मध्ये थांब.

हे बाबांना सांगितल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "इन्टूला काय झालं? मी तीस वर्षं इन्टूच म्हणालो."

ऑफर लेटर हाती आल्यावर आधी नाचले, मग नीट वाचलं. खरं तर उलटं करायला हवं होतं. '५० टक्के नेमणूक' म्हणजे आठवड्याला २० तास. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर त्याहून जास्त काम करताच येत नाही, आणि ही मर्यादा सगळी कामं मिळून असते. त्यामुळे भांडी सुटली. ट्युशन माफ, पण 'फी' माफ नाही. हे दोन शब्द आपण एकच समजतो. इथे ट्युशन म्हणजे शिकवण्याचे पैसे, आणि फी म्हणजे जिम, बस, तंत्रज्ञान, विद्यार्थी भवन असलं सगळं. ते दर सत्राला भरावंच लागतं, आणि आरोग्यविम्याचा माझा हिस्सा वेगळा. महिन्याला हातात पडतात १,९०० च्या आसपास डॉलर, त्यात भाडं, किराणा आणि फोन जाऊन बँकेचं व्याज निघतं. मुद्दल अजून आहे तिथेच आहे.

करांचं थोडक्यात सांगते, कारण यात लोक हकनाक पैसे घालवतात. एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (तिथलं सरकारी पेन्शन आणि म्हातारपणचा आरोग्यविमा) ७.६५ टक्के कपात व्हायला नको. माझ्या रूममेटची तीन महिने होत होती, तिनं पगाराची पावती उघडूनच बघितली नव्हती. दुसरं, भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, २०२४ सालासाठी ते १४,६०० डॉलर होतं. माझ्या चिनी आणि इराणी मित्रांना ते मिळत नाही. १०४०-एनआर हा फॉर्म भरायचा. बाबांनी १९८९ च्या त्या कराराचा मजकूर नेटवर शोधून वाचला. का, ते विचारू नका.

आता ज्यांना मार्च-एप्रिलमध्ये पत्रं येतील त्यांच्यासाठी. १५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे, त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांनी फंडिंगच्या ऑफरचं उत्तर १५ एप्रिलच्या आत द्यायची सक्ती करायची नसते. माझ्या एका मैत्रिणीला एका विद्यापीठानं २० मार्चपर्यंत कळवा म्हणून दटावलं होतं. तिनं यादी बघितली, त्यांची सही होती. तिनं नम्रपणे त्या ठरावाची लिंक पाठवली, तासाभरात मुदत वाढली. घाबरून 'हो' म्हणू नका. आणि हो, फाफ्सा नावाच्या अमेरिकी सरकारी मदतीच्या फॉर्मबद्दल कुणी सांगितलं तर वेळ घालवू नका, ती सरकारी मदत आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना नसते.

देशातून मिळणाऱ्या मदतीचं मी इथे आल्यावर शोधलं, ही माझी चूक. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना पैसे देतं, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ती मिळवून आलेला एक मित्र आमच्या गावातच, म्हणजे इथल्या गावात, राहतो. मी त्याला म्हणाले, "तुझी खरी स्कॉलरशिप, माझी नोकरी." तो म्हणाला, बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला आले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, आणि करार काय होता? परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी. हे ऐकून मी वाद सोडला.

वर्गाचं काय सांगू? तीन तुकड्या, प्रत्येकी २८ मुलं. पहिल्या दिवशी चुकून "गुड मॉर्निंग क्लास" म्हणाले आणि कुणी उठून उभं राहिलं नाही, तेव्हा उगाच रिकामं वाटलं. मुलं टोप्या घालून बसतात, सँडविच खातात, पण न समजलेलं बिनधास्त विचारतात. एका मुलाच्या आईची ईमेल आली, त्याला किती मार्क पडलेत? मी सांगायला निघाले होते, ऑफिसातल्या त्याच बाईंनी थांबवलं. १९७४ च्या फर्पा कायद्याखाली मुलाच्या संमतीशिवाय आईलाही सांगता येत नाही. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ काही बोलायचं टाळलं. त्यांच्या शाळेत निकालपत्रकावर पालकांची सही लागायची.

दर रविवारी ते विचारतात, "पट किती? गैरहजर किती?" मी कॅमेऱ्यासमोर उत्तरपत्रिका धरते, ते चष्मा चढवून बघतात. "हे तर आपल्या दहावीचं," म्हणतात. "आणि हा अर्धा मार्क का कापलास? पायरी बरोबर आहे." दोनदा मी त्यांच्या सांगण्यावरून मार्क वाढवलेत. नाव झाकूनच दाखवते, फर्पा.

मागच्या रविवारी सांगितलं, की मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पगार नाही. नेमणूक नऊ महिन्यांची असते, उन्हाळ्यात ज्याचं त्यानं बघायचं. मेसच्या सुपरवायझरशी बोलून ठेवलंय, सुटीत २० तासांची मर्यादा नसते.

बाबा ताडकन खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे काय? आम्हाला मे महिन्याचा पगार मिळायचा! संघटना नाही का तुमची?"

मी म्हणाले, आमच्याकडे नाही. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आहे, टीए लोकांची, १९६६ पासून. त्यांनी १९७० साली संपसुद्धा केला होता.

"मग," बाबा म्हणाले, "तुम्ही कधी करताय?"

पलीकडून आईचा आवाज आला, "अहो, ती शिकायला गेलीय."

"शिकायला कुठली," बाबा म्हणाले, "नोकरीला आहे ती."