ॲमस्टरडॅम, पाऊस आणि सांगलीचे काका

युरोप टूरच्या ब्रोशरमध्ये हॉलंडचं पान उघडलं की निळंशार आकाश, ट्युलिपचे पट्टे आणि मधोमध एक पवनचक्की, हे ठरलेलं. त्यातले ट्युलिप जूनमध्ये नसतात. क्युकेनहॉफची बाग मेच्या मध्याला बंदच होते, पण बुकिंगच्या वेळी हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. आम्ही विचारलं होतं आणि तरी गेलो, कारण पोरांच्या सुट्ट्या, नवऱ्याची रजा आणि ग्रुपमधल्या शेवटच्या चार सीटा असं सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यातच जुळत होतं. राहिलं निळं आकाश. ते पण आदल्या रात्री ब्रसेल्सहून बसने येतानाच गेलं, बॉर्डर कधी ओलांडली कळलं नाही कारण काचेवर नुसतं पाणी.

टूर मॅनेजर डोंबिवलीचा पोरगा, गोड बोलणारा. सकाळी लॉबीत म्हणाला, "इथे असंच असतं, दोन तासांत उघडेल." हे वाक्य त्याने दिवसभर दर दोन तासांनी म्हटलं.

ब्रेकफास्टला आमच्या टेबलवर सांगलीचे काका-काकू होते. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले आणि अख्ख्या टूरमध्ये ते फक्त एका गोष्टीसाठी आले होते असं काकूंचंच म्हणणं, ते म्हणजे हॉलंड. पॅरिसला आयफेल टॉवरवर पण त्यांनी नदीची भिंतच बघितली म्हणे. तर काका ऑम्लेट खाता खाता म्हणाले, "झोप लागली का? तळ्याच्या तळाला झोपला होता सगळे." आम्हाला वाटलं पावसावरून काहीतरी विनोद. पण खरंच, आमचं हॉटेल विमानतळाच्या भागात होतं आणि तो सगळा भाग म्हणजे पूर्वीचं हार्लेमरमेअर नावाचं भलंमोठं तळं. वादळ आलं की ते काठ खात खात शहरांकडे सरकायचं, म्हणून शेवटी वाफेच्या इंजिनांवर चालणारे पंप लावून तीनेक वर्षं उपसा केला आणि १८५२ मध्ये ते कोरडं केलं. आज तिथे विमानतळ, हॉटेलं आणि आम्ही, सगळे समुद्राच्या पातळीच्या साधारण चार मीटर खाली. काकू म्हणाल्या, "अहो, खाऊ द्या की त्यांना." पण मी त्यानंतर खिडकीबाहेर बघितलं ते जरा वेगळ्याच नजरेने. एवढा पाऊस रात्रभर पडतोय आणि पार्किंगमध्ये एक डबकं नाही? कोल्हापूरला तासभर जोरात झाला तर आमच्या गल्लीत स्कूटर बंद पडते.

आता पावसाबद्दल. आपला पाऊस वरून खाली पडतो, आवाज करत पडतो, गगनबावड्याला तर समोरचा माणूस दिसत नाही असा पडतो. तिकडचा आडवा येतो. बारीक, थंड आणि वाऱ्याबरोबर सरळ तोंडावर. छत्रीचा काही उपयोग नाही, ग्रुपमधल्या निम्म्या छत्र्या पहिल्याच स्टॉपला उलट्या झाल्या आणि दोन तर कचऱ्याच्या डब्यात गेल्या. मग मॅनेजरने प्लास्टिकचे पिवळे पोंचो वाटले, ते घातल्यावर कोण कुणाचा नवरा तेच ओळखू येईना. आणि स्थानिक लोक बघावेत तर निवांत सायकलवर! एक बाई पुढच्या लाकडी खोक्यात दोन पोरं बसवून, वर पारदर्शक कव्हर ओढून, स्वतः भिजत चाललेली, चेहऱ्यावर काहीही नाही. कुणी आडोशाला थांबत नाही. अर्थात थांबून करणार काय, टपरी नाही, चहा नाही, गरम भजी नाहीत.

पहिला स्टॉप झान्से स्खान्स. झान नदीच्या काठावर हिरवी लाकडी घरं आणि ओळीने पवनचक्क्या. ही घरं आणि काही चक्क्या झान भागातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून १९६० च्या दशकापासून उचलून इथे आणून बसवल्यात, म्हणजे गाव जुनं पण जागा नवी. बसमधून उतरल्या उतरल्या चॉकलेटचा वास आला. सगळे एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायला लागले, कुणी फोडलं म्हणून. तर तो वास कोकोच्या कारखान्यांचा, नदीकाठी अजून चालू आहेत. ओल्या हवेत तो असा काही दाटून राहिलेला की थंडीत बरं वाटत होतं.

माझी समजूत होती की हॉलंडच्या पवनचक्क्या म्हणजे एक तर पीठ दळायला नाहीतर पाणी उपसायला. साताऱ्याचे एक गृहस्थ चाळकेवाडीच्या वीजवाल्या पवनचक्क्यांशी तुलना करत होते. पण या झानच्या बहुतेक चक्क्या म्हणजे चक्क कारखाने होते. तेल गाळायचे, रंग कुटायचे, लाकूड कापायचे. एकेकाळी या भागात ६०० च्या वर चक्क्या होत्या. १५९० च्या दशकात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून नावाच्या माणसाने वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीचं पेटंट घेतलं आणि मग फळ्या इतक्या भराभर कापल्या जायला लागल्या की जहाजं बांधण्यात यांचा हात कुणी धरू शकेना. रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये जहाजबांधणी शिकायला इथे शेजारच्या झानडॅमला येऊन राहिला होता. आणि मला एकदम वेंगुर्ल्याची डच वखार आठवली. आंबोली उतरून वेंगुर्ल्याला किती वेळा गेलोय, ती पडकी वखार बघून "डच इथे कशाला कडमडले होते" असं म्हणून पुढे बीचवर गेलोय. तर अशा फळ्यांच्या जहाजांतून येत होते. वारा यांचा, लाकूड नॉर्वे-जर्मनीकडून आणलेलं आणि मिरी-मसाला आपल्याकडचा.

'दे कॅट' नावाच्या रंगाच्या चक्कीत आत जाता येतं, तिकीट वेगळं, टूरमध्ये नाही. बाहेर पाऊस असल्याने ग्रुप चीजच्या दुकानात शिरला आणि आम्ही चार-पाच जणच वर गेलो. आत दोन प्रचंड दगडी चाकं उभी, कडेवर गोल गोल फिरतायत आणि खाली खडू भरडला जातोय. सगळी इमारत थरथरते. लाकडी दातांची चाकं एकमेकांत अडकून फिरताना जो आवाज येतो ना, तो व्हिडिओत येत नाही, मी तीनदा घेऊन बघितला. जिना म्हणजे शिडीच, ओल्या बुटांनी चढताना नवरा खालून "सावकाश, सावकाश" करत होता आणि स्वतःच घसरला. वरच्या सज्जात गेलो तर पात्यांचा झपाट! एकेक पातं खाली येताना अंगावरून गेल्यासारखं वाटतं. पाऊस होता म्हणून वारा होता आणि वारा होता म्हणून ती चक्की खरी चालताना दिसली, ब्रोशरवाल्या निळ्या आकाशात ती उभीच असते बहुतेक. सांगलीचे काका चक्कीवाल्याशी खुणांनी बोलत राहिले, चक्कीचं डोकं वाऱ्याकडे कसं वळवतात ते त्याने त्यांना मागचं मोठं चाक दाखवून समजावलं, काका खूश.

लाकडी बुटांचा डेमो सगळ्यांना आवडला, मला पण. पॉप्लरचं ओलं लाकूड घेतात, एक मशीन नमुन्याच्या बुटावरून हुबेहूब नक्कल कोरतं, दुसरं आतून पोखरतं, मिनिटांत बूट तयार. मग तो माणूस बुटात जोरात फुंकतो आणि लाकडातून पाणी बाहेर उडतं, इतकं ओलं असतं ते. पहिल्या रांगेतल्या बायका किंचाळल्या, जणू आधीच भिजल्या नव्हत्या. नंतर ते आठवडेच्या आठवडे वाळवतात. चिखलाच्या शेतात पाय कोरडे राहावेत म्हणून हे बूट, अजूनही काही शेतकरी घालतात. चीजच्या दुकानात नाशिकच्या काकूंनी मात्र खरा प्रश्न विचारला: यात दूध गोठवायला वापरलेलं रेनेट कुठलं? प्राण्याचं असेल तर आम्हाला चालत नाही. काउंटरवरच्या मुलीने अजिबात तोंड वाकडं न करता वेगळ्या रेनेटचं चीज काढून दिलं. शाकाहारी मंडळींनो, गौडा घ्यायच्या आधी विचारा, बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं असतं.

दुपारचं जेवण: भात, डाळ, पनीर, गुलाबजाम. रोजचंच.

मग कॅनॉल क्रूझ. काचेच्या छताची बोट, आत आम्ही ओलेकंच, त्यामुळे पाच मिनिटांत सगळ्या काचा धुरकट. प्रत्येकाने रुमालाने आपापलं गोल भोक पुसून त्यातून ॲमस्टरडॅम बघितलं. घरं उंच, अरुंद, एकमेकांना चिकटलेली आणि बरीचशी रस्त्याकडे झुकलेली. वर आढ्याला एक तुळई बाहेर आलेली असते, तिला आकडा. जिने इतके अरुंद की कपाट, पलंग, पियानो सगळं दोरीने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं, आणि सामान भिंतीला घासू नये म्हणून घर पुढे झुकवलेलं. कॅनॉलच्या पाण्याबद्दल तिकडे एक जोक आहे, एक मीटर पाणी, एक मीटर सायकली, एक मीटर चिखल. दर वर्षी हजारो सायकली खरंच पंजा लावलेल्या बोटीने वर काढतात. सगळे हसत होते आणि तेवढ्यात स्पीकरवर ॲन फ्रँकचं घर आलं, प्रिन्सेनग्राख्ट २६३. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ ला पकडले जाईपर्यंत ती आणि तिच्या घरची ज्यू माणसं नाझींपासून मागच्या भागात लपून राहिली. आत जायचं तर वेळेचं ऑनलाइन तिकीट खूप आधी काढावं लागतं, टूरवाले त्या भानगडीत पडत नाहीत. माझ्या भोकातून मला फक्त भिजत उभी असलेली रांग दिसली. दहा सेकंद, आणि बोट वळली. या एका गोष्टीसाठी तरी स्वतंत्र यायला हवं होतं असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

डाम चौकात मॅनेजरने सव्वा तास फ्री टाइम दिला. समोर राजवाडा. १६४८ ला बांधायला घेतला तेव्हा तो टाऊन हॉल होता. दलदलीवर उभा आहे, खाली १३,६५९ लाकडी खांब ठोकलेत. हा आकडा तिकडे शाळेत पाठ करून घेतात, सोपी युक्ती म्हणजे वर्षाचे दिवस ३६५, पुढे १ आणि मागे ९. ग्रुप शॉपिंगला पांगला, आणि काका आमच्याकडे आले. "चला, एक गोष्ट दाखवतो. फुकट आहे आणि छताखाली आहे." छताखाली म्हटल्यावर नवरा लगेच तयार.

दहा-पंधरा मिनिटं चालून आम्ही स्टोपेरात गेलो. एकाच इमारतीत महानगरपालिका आणि ऑपेरा! त्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये काचेच्या तीन उंच नळ्या, आत पाणी. दोन नळ्यांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते, एक आयमाउडेनची आणि एक फ्लिसिंगेनची, भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होते. आणि तिथेच खाली एक पितळी खूण, ती शून्य. काका जवळजवळ हात जोडून उभे. ॲमस्टरडॅमची ही शून्य पातळी सतराव्या शतकातली, युरोपातल्या बऱ्याच देशांची उंची आजही तिच्यावरून मोजतात. "आमची सगळी नोकरी आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची पातळी लिहिण्यात गेली," काका म्हणाले, "अलमट्टी ५१९, अलमट्टी ५१९ करत पावसाळे काढले."

तिसरी नळी मात्र हलत नाही. ती डोक्याच्या कितीतरी वर गेलेली, शून्यापासून साडेचार मीटर. १९५३ मध्ये ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारीच्या रात्री वादळात झीलंड प्रांताचे बांध फुटले तेव्हाची पातळी. १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राची तोंडंच बंद करायला घेतली, दारं बसवली, चाळीसेक वर्षं ते काम चाललं.

मी कोल्हापूरची. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे सकाळी उठून माणूस देवाआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शेंबड्या पोराला पाठ. सांगलीत आयर्विन पुलाची ४० आणि ४५. २०१९ ला शाहूपुरीत माझ्या दिराच्या घरात पाणी शिरलं, २०२१ ला परत. भिंतीवरची ती मळकट रेघ त्यांनी रंग देऊन बुजवली, सगळ्यांनीच बुजवली. इथे यांनी ती रेघ काचेत घालून महापालिकेत उभी केलीय, येता-जाता नगरसेवकांच्या डोळ्यांसमोर. मी काकांना म्हटलं, आपल्याकडे पण करायला पाहिजे हे. काका म्हणाले, "करतील की. उद्घाटनाला कोण, यावर दोन वर्षं जातील."

पळत पळत बसपाशी आलो, पाच मिनिटं उशीर. सगळे पिवळे पोंचो बसून आमच्याकडे बघतायत. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, कुठे होता एवढा वेळ, तिकडे काही सेल होता का? काका म्हणाले, "हो, पाणी बघत होतो." त्यावर सबंध बस हसली, कारण त्या दिवशी पाणी कुठे नव्हतं.

नळीचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली सगळी माहिती मराठीत टाइप करून, बरीच लांबलचक. दहा मिनिटांनी जाऊबाईंचा रिप्लाय आला: "तिकडं पाऊस आहे होय! इकडं अजून वळीव पण नीट नाही झाला. चीज आणणार असशील तर आमचं पण आण."