"वाळूच उपसली तर तिसरी राहील कुठं?"

"बघ बाबा, एवढ्याच." शेजारी बसलेल्या मावशींनी टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. तळ जेमतेम झाकेल इतक्याच तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या. अख्खी ओहोटी कमरेत वाकून वेचलेल्या.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत होतो आज. मी विचारलं, "पावसामुळे कमी झाल्या का मावशी?"

"पावसाचं काय त्यात? तिसरी वाळूत राहते. वाळूच उपसून नेली तर तिनं राहायचं कुठं?"

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

ही दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचंच मुख. वाशिष्ठी आपल्याला आठवते ती पुरामुळे. २२ जुलै २०२१ला चिपळूणने जे सोसलं, ते कोण विसरेल? सह्याद्रीचं पाणी तर तिच्यात येतंच, वर वीज करून झालेलं कोयनेचं पाणीही तिच्यातच सोडतात. त्यात भरतीची वेळ गाठली की पाण्याला वाटच उरत नाही. म्हणून चिपळूणजवळचा गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही.

पण गाळ काढणं वेगळं आणि खाली खाडीत पंप लावून तळाची वाळू ओढणं वेगळं. त्या वाळूत तिसऱ्या वाढतात आणि त्या तिसऱ्यांवर कितीतरी बायकांच्या घरचं मीठ-मिरचीचं भागतं. वाळूचा भाव ब्रास या मापावर ठरतो. या बायकांच्या बुडालेल्या कमाईचा हिशोब कुठल्या कागदावर येतो?

जयगड, बाणकोट, राजापूरकडच्या मंडळींनो, तुमच्या खाडीत काय परिस्थिती आहे? अजून टोपली भरते का?